एकही लाल ठिपका नाही

सबनीस सरांनी माझ्या उजव्या हाताची चारही बोटं आत मुडपली, वरून चिकटपट्टी करकचून गुंडाळली, समोर एक संत्रं ठेवलं आणि म्हणाले, "सोला."

वर्गात आम्ही चौदा जण होतो आणि चौदा जणांची बोटं अशीच बांधलेली. पाच मिनिटांत टेबलांवर रसाचे ओघळ आले. कुणी दातांनी साल ओढत होतं, कुणी कोपरानं संत्रं दाबून धरत होतं. सुरुवातीला हसू येत होतं, मग सांधे ठणकायला लागले तशी एकेकाची मस्करी बंद पडली. सर पाठीवर हात बांधून फिरत होते. माझ्यापाशी थांबले.

"कुठे दुखतंय?"

"इथे सर. करंगळीच्या बुडाशी."

त्यांनी खिशातलं लाल पेन काढून नेमका तिथे एक ठिपका दिला. "दुखणं हा तुमचा खरा मास्तर," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "तुम्ही केलेली वस्तू माणसाच्या हातात द्या. त्याला विचारा, कुठे बोचतं? तिथे वस्तूवर लाल ठिपका द्या. तेवढं कानशीनं घासा. पुन्हा हातात द्या. ठिपके संपले की वस्तू झाली. मी सांगतो त्यावर विश्वास ठेवू नका, हात सांगतो त्यावर ठेवा."

उत्पादन डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाचा हा आठ आठवड्यांचा अभ्यास होता. प्रत्येकानं एक माणूस शोधायचा, ज्याला हातानं एखादं काम जमत नाही. त्याच्यासाठी एक वस्तू बनवायची. आठव्या आठवड्यात बाहेरचे परीक्षक येणार, त्यांच्यासमोर त्या माणसानं ती वस्तू वापरून दाखवायची. बाकीच्यांनी घरातल्या घरात माणसं शोधली. कुणाची आजी, कुणाचा संधिवाताचा काका. मला ते मिळमिळीत वाटलं. दुसरं कुणी आणणार नाही असा माणूस मला आणायचा होता. तो कळवळा नव्हता, पहिला नंबर हवा होता, हे आधीच सांगून टाकते.

म्हणून मी वसाहतीत गेले. पुण्याहून एसटीनं पाऊण तास, मग फाट्यावरून पायी. कुष्ठरोगातून बरी झालेली, पण घरच्यांनी परत न घेतलेली शंभरेक माणसं तिथे राहत. मी पोचले तेव्हा मलमपट्टीच्या खोलीसमोर रांग लागली होती. मार्था सिस्टर खुर्चीवर बसून एकेकाचे तळवे, तळपाय उलटसुलट करून बघत होत्या.

"यांना लागलंय का काही?" मी विचारलं.

"तेच तर बघायचं असतं रोज," सिस्टर म्हणाल्या. "रोग गेला, बाळ. पण नसा गेल्या त्या गेल्याच. विस्तवावर हात पडला तरी यांना कळत नाही. आपल्याला दुखतं म्हणून आपण हात मागे घेतो. यांचं दुखणं आम्ही डोळ्यांनी शोधतो."

मी वही काढली आणि लिहिलं, 'हाताला संवेदना नाही.' खाली रेघही मारली.

केरबा मला तिथेच भेटला. पन्नाशीचा, उंच, काटक, कोल्हापूरकडच्या बोलीचा. उजव्या हाताची बोटं तळव्याकडे वळून तशीच राहिलेली, अंगठा मात्र शाबूत. डाव्या हाताची दोन बोटं पूर्वीच गेलेली. तो न्हावी होता. बाहेरचा न्हावी वसाहतीत पाऊल टाकत नसे, त्यामुळे एकोणीस वर्षं तिथल्या सगळ्यांचे केस त्यानेच कापले. दोन वर्षांपूर्वी बोटं वळली आणि मशीन हातातून सुटायला लागलं.

"ताई, तुमी डाक्टर काय?"

"नाही. मी वस्तू बनवायला शिकते."

"म्हंजी सुतार?"

"तसंच काहीसं."

"मग बरं झालं. डाक्टर बगून जात्यात. सुतार काय तर दिऊन जातो."

तो आत जाऊन एक पुडकं घेऊन आला. तेलकट फडक्यात केस कापायचं मशीन होतं, दोन दांड्या दाबून चालवायचं, जुन्या धाटणीचं. दोन वर्षं ते चाललं नव्हतं, तरी दर शनिवारी तो त्याला तेल घालत असे.

"ह्ये चालू करून द्या. बाकी काय नगं."

"एवढंच?"

"एवढंच म्हणतासा?" तो हसला नाही. "घरला भावानं दार लावून घेतलं, तवा हितं आलो. हितल्या लोकांनी आपली डोस्की माज्या हातात दिली. आता दोन वर्सं झाली, बसून खातोय. कोन काय बोलत न्हाई. पर समद्यांचं वाढल्यालं केस बगितलं की मला जेवान जात न्हाई."

निघताना सिस्टर मला फाटकापर्यंत पोचवायला आल्या. "हा उजवा हात त्याचा चांगला हात आहे," त्या म्हणाल्या. "जेवतो त्याच हातानं, बादली उचलतो त्याच हातानं. याला जप."

"हो सिस्टर," मी म्हटलं.

पुढचे तीन आठवडे मी झपाटल्यासारखं काम केलं. शाडूचा गोळा त्याच्या मुठीत देऊन ठसा घेतला. थर्माकोलचे अकरा नमुने केले, मग शिवणीच्या लाकडात मूठ कोरली. ती तळव्यात बसायची आणि हाताच्या पाठीवरून पट्ट्यानं आवळायची. मशीनची एक दांडी तिच्यात अडकायची, दुसरी अंगठ्याच्या बुडानं दाबायची. बोटांचं कामच ठेवलं नव्हतं. आतून मऊ रेक्झिन लावलं, बाहेरून पॉलिश. देखणी झाली होती. अजूनही म्हणते, देखणी झाली होती.

पहिल्या चाचणीला वसाहतीतला एक म्हातारा केरबासमोर स्टुलावर बसला. त्याचे केस मानेवर रुळत होते. मी पट्टा आवळला. केरबानं अंगठा दाबला, मशीन कट् वाजलं, पुन्हा वाजलं, आणि पांढऱ्या केसांचा एक झुबका म्हाताऱ्याच्या खांद्यावरून खाली पडला. केरबा थांबला. त्यानं तो झुबका चपलेनं बाजूला सारला आणि पुढे कापायला लागला. निम्मं डोकं होईपर्यंत त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याच्याकडे हात मोकळा नव्हता. म्हातारा मानेवरून तळवा फिरवून लहान पोरासारखा हसत होता.

मी लाल पेनाचं टोपण काढून उभी होते. "कुठे बोचतंय, केरबामामा?"

"कुटंच न्हाई."

"नीट सांगा. इथे? करंगळीच्या बुडाशी?"

"न्हाई ओ. लोन्यावानी बसलंय."

मी पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांच्या वस्तू टेबलावर मांडल्या होत्या. कुणाच्या झाऱ्यावर वीस ठिपके, कुणाच्या किल्लीवर बारा. एकाच्या काठीवर तर एकतीस होते, गोवर आल्यासारखी दिसत होती. सरांनी माझी मूठ उचलली, उजेडात धरून फिरवली.

"एकही लाल ठिपका नाही?"

"नाही सर."

"पहिल्याच खेपेला?"

"हो सर."

"सगळे इकडे या," सर म्हणाले. "हे बघा. माणसाचा हात वाचणं म्हणतात ते हे."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. माझी वही सरांनी पानन् पान वाचली होती आणि शेवटी सही केली होती. रेघ मारलेलं ते वाक्य त्यांनीही वाचलं होतं. त्या खोलीत पंधरा माणसं होती, सगळी शिकलेली, सगळी हातांबद्दलच बोलणारी. ज्या हाताला दुखतच नाही त्याला आपण कुठे दुखतं म्हणून विचारतोय, हे पंधरांतल्या एकालाही सुचलं नाही. आम्ही बोटं बांधून संत्री सोलली होती. वळलेली बोटं आम्हाला कळली होती. दुखणं नसणं म्हणजे काय, ते चिकटपट्टीनं कळण्यासारखं नव्हतं.

मूठ मी केरबाकडेच ठेवली, त्याला सराव व्हावा म्हणून. पाडवा जवळ आला होता, वसाहतीत रोज रांग लागायला लागली. पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा वाटेत भेटलेल्या प्रत्येक माणसाची मान स्वच्छ होती. मला बघून लोक टोप्या काढून डोकी दाखवत होते. केरबा सुबाभळीखाली एकाचे केस कापत होता. मुठीच्या आत त्याच्या तळव्यावर एक चिंधी गुंडाळलेली दिसली.

"हाताला काय झालं?"

"काय न्हाई. घाम येतोय, म्हनून गुंडाळलीया."

"दुखतंय का?"

"न्हाई ओ."

"सिस्टरना दाखवलंत?"

तो मशीन फुंकून त्यातले केस काढत राहिला. गिऱ्हाईक उठून गेल्यावर हळूच म्हणाला, "सकाळच्या रांगंत मी डावा हात दावतो, पाय दावतो. म्हनतो, गिऱ्हाईक बसलंय, उजवा मागनं दावतो. सिस्टरनी बगितलं तर म्हनतील, ठेव खाली म्हैनाभर. आन् पाडव्याला समद्यांनी तसंच ऱ्हायाचं?" मग मान वर करून त्यानं विचारलं, "तुमची परिक्षा कवा हाय?"

"अठरा तारखेला."

"मंग झालं की. बारा दिस ऱ्हायलं. परिक्षा हून जाऊ दे, मग दावतो."

त्या चिंधीचे दोनच वेढे होते. हात पुढे करून मी ते सोडू शकले असते. मला ते सुचलं नाही असं नाही. सुचलं. मी चिंधीकडे बघत उभी राहिले, मनात बारा दिवस मोजले आणि म्हटलं, "नक्की दाखवा हं."

"व्हय व्हय," तो म्हणाला.

परतीच्या एसटीत मी मांडीवर चाचणीचा तक्ता ठेवून रकाने भरले. वस्तू बोचते का? नाही. वेदना होतात का? नाही. वापरणाऱ्याचं समाधान? पूर्ण. अक्षर चांगलं आलं, गाडी हलत असूनही.

अठरा तारखेला केरबा धुतलेला पांढरा सदरा आणि टोपी घालून संस्थेत आला. मूठ त्यानं पिशवीतून आणली होती आणि उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातला होता. तो वर्गात शिरला तशी दोन-चार जणं खुर्च्या मागे घेण्याच्या निमित्तानं बाजूला झाली. चहा आला तो सगळ्यांना कपातून आणि त्याला कागदी पेल्यातून. सबनीस सरांनी ते पाहिलं. त्यांनी आपला कप शिपायाला परत दिला आणि म्हणाले, "मलाही कागदाचाच आण." मग ते मधोमध ठेवलेल्या स्टुलावर जाऊन बसले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "केरबा, माझेच कापा."

केरबा जागचा हलेना. "सर, मी?"

"मग कोण? कॉलरीवर आलेत बघा किती."

एकवीस वर्षांत वसाहतीबाहेरच्या माणसानं आपलं डोकं त्याच्यापुढे केलं नव्हतं, हे त्यानं नंतर जिना उतरताना मला सांगितलं. त्या क्षणी तो फक्त टोपी काढून माझ्याकडे वळला आणि मी पट्टा आवळला. चिंधी काढून त्यानं स्वच्छ रुमाल गुंडाळला होता. मी रुमालाकडे पाहिलं नाही. पाहायचं नाही असं ठरवून पाहिलं नाही.

वीस मिनिटं मशीन वाजत होतं. सर डोळे मिटून बसले होते. परीक्षक मुंबईहून आलेले, नावाजलेले गृहस्थ होते, ते टिपणं काढायचं विसरून बघत राहिले. मागे सरकलेल्या खुर्च्या हळूहळू पुढे आल्या. मधेच मला एक वास आला. पॉलिशचा असेल, मी मनाला सांगितलं. पॉलिशला तीन आठवडे झाले होते.

केरबानं शेवटी सरांच्या मानेवर फुंकर मारली आणि टाळ्या पडल्या. माझ्यासाठी पडल्या.

"बघू ती वस्तू," परीक्षक म्हणाले.

मी केरबाला खिडकीपाशी नेलं, वर्गाकडे पाठ केली आणि पट्ट्याची कडी काढली. मूठ सुटेना, चिकटली होती. जरा जोर केल्यावर निघाली. आतलं रेक्झिन ओलं होतं, पिवळट आणि लाल. रुमाल त्याला चिकटून आला होता. करंगळीच्या बुडाशी, तळव्यात, माझ्या अंगठ्याचं टोक जाईल एवढं भोक पडलं होतं आणि त्याच्या तळाशी काहीतरी पांढरं दिसत होतं.

मी केरबाच्या तोंडाकडे पाहिलं. तोही बघत होता, दुसऱ्या कुणाचा तरी हात बघावा तसा. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड कसं झालं होतं कोण जाणे. तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "काय न्हाई, ताई. द्या त्येस्नी."

आणि हात खिशात घातला.

तेव्हा मी ओरडू शकले असते. सर दहा पावलांवर होते, नुकतीच कापलेली मान चोळत, आनंदात. संस्थेची गाडी खाली उभी होती. अर्ध्या तासात केरबा इस्पितळात पोचला असता. मी टेबलावरचा कापसाचा बोळा घेतला, मूठ आतून पुसली, पुन्हा पुसली, बोळा टोपलीत टाकला आणि ती परीक्षकांच्या हातात दिली.

त्यांनी पॉलिशवरून अंगठा फिरवला. "सुंदर. आत जरा दमट आहे."

"घाम येतो सर," मी म्हटलं.

"आणि बोचत नाही कुठे?" त्यांनी केरबालाच विचारलं.

"न्हाई साहेब."

"एकही ठिपका नाही, सर," मी म्हटलं.

नंतर मी केरबाला रिक्षात बसवलं. "आज गेल्या गेल्या सिस्टरना दाखवा," मी म्हटलं. तो व्हय म्हणाला. सोबत जावं असं वाटलं, पण वर निकाल लागायचा होता. धावतच जिना चढले. पहिली आले होते. सरांनी माझा हात हातात घेऊन हलवला.

अकराव्या दिवशी संस्थेच्या कचेरीत सिस्टरांचा फोन आला. केरबा पाडवा होईपर्यंत केस कापत राहिला. त्या रात्री त्याला ताप भरला, तो अंगावर काढला. चौथ्या दिवशी सिस्टरनी त्याला खोलीतून बाहेर काढला तेव्हा हात कोपरापर्यंत सुजला होता. इस्पितळात मनगटापासून कापावा लागला, नाहीतर माणूस गेला असता.

मी आणि सबनीस सर एसटीनं निघालो. फाट्याच्या अलीकडे कुठेतरी सर बोलले.

"ठिपके मी मागितले. ज्याला दुखतच नाही त्याला विचारायला मीच शिकवलं. तुझी वही मी वाचली होती, विभावरी. चूक माझी आहे. तू लहान आहेस, तू यात स्वतःला दोष देऊ नकोस."

हीच वेळ होती. बोळा, टोपली, खिडकी, सगळं दोन वाक्यांत सांगून झालं असतं. मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "सर, असं नका ना म्हणू." तेवढंच. सरांनी तो अभ्यास पुन्हा कधी घेतला नाही. दोन वर्षांनी शिकवणंच सोडलं. तब्येतीमुळे, असं सगळे म्हणाले. मीही तसंच म्हणत आले.

इस्पितळातून परत आणलेला केरबा वसाहतीत खाटेवर उशीला टेकून बसला होता. उजव्या बाहीचं टोक पट्टीनं बांधलेलं. मार्था सिस्टर शेजारी उभ्या होत्या. त्यांनी मला बस म्हटलं नाही. सर पुढे झाले आणि त्यांनी हात जोडले.

"सर, आसं काय करतासा," केरबा गडबडून म्हणाला. मग त्याचं लक्ष सरांच्या मानेकडे गेलं. "जरा वळा बगू. मागनं वरखाली झालंय व्हय? त्या दिशी उजेड पाठीकडनं हुता. पुढच्या खेपंला नीट करून देतो."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "मला एक सांग. अठरा तारखेला तो तुमच्याकडे होता. आठवड्याहून जुनी जखम असणार तेव्हा. तो पट्टा तूच बांधलास, तूच सोडलास. हात कुणी बघितला नाही?"

सरही माझ्याकडे बघायला लागले.

"कुनी न्हाई बगितला," केरबा म्हणाला. "मी मूठ दाबून धरली हुती. त्यो हात खिशातच हुता माजा. तिला काय ठावं?"

"केरबा, मी तिला विचारतेय."

"आन् मी सांगतोय की."

तो माझ्याकडे बघत नव्हता. सिस्टरनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. त्यांना काय समजायचं ते समजलं असणार. त्या पट्ट्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेल्या.

केरबानं डावा हात पांघरुणातून बाहेर काढला आणि माझ्यापुढे धरला. मला वाटलं, तो आता खरं बोलणार. शिव्या देणार. मी वाटच बघत होते. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी आज माणसात असते असं मला कधीकधी वाटतं.

"ताई, ह्येचा अंगठा चांगला हाय," तो म्हणाला. "बोटं दोन न्हाईत, पर तुमच्या त्या मुठीला बोटं कुटं लागत्यात? आता ह्येच्यासाटी बनवा."

सर खिडकीशी गेले.

"सिस्टर हो म्हणणार नाहीत," मी कसंबसं म्हटलं.

"म्हनतील. मी रोज दावीन त्येस्नी. डोळ्यांम्होरं धरीन. आता चुकायचं न्हाई." तो घाईघाईनं बोलत होता, जणू मीच उठून जाईन. "पाडव्याला ताई, चाळीस डोस्की केली मी. चाळीस. एक म्हातारी बी आली, केसांत जटा झाल्यात म्हनून. माज्या आयुष्यात आसा पाडवा झाला न्हवता. तुमच्यामुळं झाला."

मी पिशवीतून वही आणि टेप काढला. अंगठ्याची लांबी घेतली, तळव्याची रुंदी घेतली, मनगटाचा घेर घेतला. वर्गात शिकवलं होतं त्याच क्रमानं. तो शहाण्या मुलासारखा हात धरून बसला होता. तो हात कोमट होता, आणि मी धरलाय हे त्याला फक्त दिसत होतं.

"किती दिवसांत हुईल?"

"पंधरा दिवसांत येते."

"या. मी तवर ह्या अंगठ्याला ताकद आनतो."

परतीच्या गाडीत सरांनी विचारलं, "करणार आहेस?" मी हो म्हटलं. पंधरा दिवसांनी मी वसाहतीच्या एसटीत बसले आणि स्वारगेटलाच उतरले. महिन्यानं फाट्यापर्यंत गेले आणि समोरून येणारी गाडी पकडून परत आले. मग गेलेच नाही. लाकूड घेतलं होतं. त्याला कानस लावली की खिडकीपाशी उघडलेला तो हात डोळ्यांपुढे येई. पुढच्या बावीस वर्षांत मी कुकरचे दांडे, मिक्सरची झाकणं, इस्त्रीच्या मुठी पुष्कळ केल्या. घरोघर आहेत.

मार्था सिस्टरांची तीन पोस्टकार्डं आली. पहिल्यात एवढंच होतं की केरबा रोज सकाळी रांगेत सगळ्यांत पुढे उभा राहतो, डावा हात दाखवतो, आणि ताई कधी येणार म्हणून विचारतो. तुला जमणार नसेल तर तसं कळव, मी त्याला समजावीन, असं खाली लिहिलं होतं. दुसऱ्यात होतं की वसाहत चालवणारी संस्था पगारावर बाहेरचा न्हावी आणायला तयार झाली होती, पण केरबानं पंचांपुढे सांगितलं, थांबा, माझी मूठ यायची आहे. लोक थांबले होते. पुन्हा सगळ्यांचे केस वाढले होते.

दोन्ही कार्डं मी पुस्तकात ठेवली. उत्तर लिहायला बसले की पहिल्या ओळीत काय लिहायचं तेच कळेना.

तिसरं कार्ड दीड वर्षानं आलं. सिस्टरांचं अक्षर तेच, मजकूर दोनच ओळींचा. केरबाला जाऊन आठवडा झाला, न्युमोनिया होता. तो शेवटपर्यंत म्हणत होता की ताईंचा पत्ता बदललेला दिसतो, आपली पत्रं पोचत नसणार, नाहीतर त्या आल्याच असत्या.

माझा पत्ता बदललेला नव्हता.